‘परराष्ट्रीय’ कोण? अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती स्तवनगीतांतील सार्वजनिकतेचा एक विचार

प्रास्ताविक

बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ११७ वे स्तोत्र हे त्या संहितेतील सर्वांत लहान स्तोत्र होय. त्यात अवघी दोन वचने आहेत. पहिल्या वचनात सर्व राष्ट्रांना आणि सर्व लोकांना परमेश्वराचे स्तवन करण्याची हाक दिलेली आहे. दुसऱ्या वचनात त्या स्तवनाचे कारण येते : देवाची आपल्यावरील दया थोर आहे आणि त्याची सत्यता सर्वकाळ टिकणारी आहे. भाविक वाचकाला या दोन वचनांत अडखळण्यासारखे काही जाणवत नाही. समीक्षकाने मात्र येथे क्षणभर थांबावयास हवे. दयेचा अनुभव ‘आपल्याला’, म्हणजे इस्राएल लोकांना आलेला आहे. आणि स्तुती करावयाची आहे ती इतरांनी. शेजाऱ्याच्या घरी झालेल्या उपकाराबद्दल आपण उघड्यावर येऊन का गावे, असा प्रश्न त्या ‘इतरां’पैकी कोणी विचारला तर त्याला स्तोत्रकर्त्यापाशी थेट उत्तर नाही.

हे उत्तर शोधण्याचा प्रयत्न पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात केलेला दिसतो. तेथे त्याने जुन्या करारातील चार वचने एकापुढे एक मांडली आहेत आणि त्यांतील तिसरे वचन याच स्तोत्रातील आहे. या मांडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या वचनात देवाचा भक्त परराष्ट्रीयांमध्ये उभा राहून गातो. परराष्ट्रीय केवळ ऐकत असतात. अनुवादाच्या पुस्तकातून घेतलेल्या दुसऱ्या वचनात ते देवाच्या लोकांबरोबर आनंद करतात. तिसऱ्यात त्यांनी स्वतःच स्तवन करावे अशी हाक येते. चौथे यशयाचे वचन त्यांच्या आशेविषयी आहे. ‘मध्ये’, ‘बरोबर’ आणि ‘स्वतः’ अशा या तीन पायऱ्या होत. हा सारा ऊहापोह पौलाने ज्या संदर्भात केला आहे तो संदर्भ गायनाचा नाही, पंक्तीचा आहे. आधीचा संपूर्ण अध्याय कोणी काय खावे, कोणाला कमी लेखू नये, याविषयी आहे. आणि या वचनांच्या अगदी आधी एकमेकांचा स्वीकार करण्याची सूचना येते. ज्यांना जेवणाच्या पंक्तीला बसवून घेतले जात नाही त्यांच्याकडून स्तवनाची अपेक्षा करता येत नाही, असा या युक्तिवादाचा गर्भितार्थ आहे.

या गर्भितार्थाच्या कसोटीवर अहमदनगर (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती स्तवनगीतांची परंपरा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या परंपरेचा विचार आजवर बहुधा ‘भारतीयीकरण’ या एकाच सूत्राने झालेला आहे. परकी चाल गेली आणि देशी अभंग आला, म्हणून प्रश्न सुटला, असे त्या विचारात गृहीत धरले जाते. हे गृहीतक अपुरे आहे.

‘मध्ये’ : परक्या चालीचे स्तवन

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले आणि १८३१ मध्ये नगर येथे त्याचे ठाणे पडले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरहूनच सुरू झाले. १८३५ मध्ये आलेल्या हेन्री बॅलेंटाइन यांनी मराठी उपासनेसाठी अनेक गीते भाषांतरित केली व रचली. त्या पिढीतील मिशनऱ्यांचा मराठीचा अभ्यास दांडगा होता, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढील अडचण व्याकरणाची नव्हती. ती छंदाची होती.

इंग्रजी उपासनागीत आघातांवर चालते. मराठी पद्याची घडण एक तर मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर होते आणि तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाला, निदान कानाला तरी, महत्त्व असते. इंग्रजी चालीचा लांब स्वर मराठी शब्दातील ऱ्हस्व अक्षरावर पडला की तो शब्द ओळखू येईनासा होतो. शिवाय बोलताना लुप्त होणारा शब्दान्तीचा ‘अ’ गाताना कोठे उच्चारावा आणि कोठे गाळावा, याला परक्या चालीत नियम उरत नाही. गाणारा समुदाय अशा वेळी शब्द सोडून चालीच्या मागे जातो. अर्थाला पोरके झालेले असे स्तवन पौलाच्या पहिल्या पायरीवरचे आहे. गाणारे नगरचे असले तरी गाणे अजून ‘मध्ये’ उभ्या राहिलेल्या पाहुण्याचे आहे.

याच्या कितीतरी आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले होते. त्यातील जवळजवळ ११ हजार ओव्या हा मराठी छंदात ख्रिस्तकथा किती सहज वाहू शकते याचा भक्कम पुरावा होता. पण तो ग्रंथ रोमन लिपीत आणि कॅथलिक परंपरेत राहिला. नगरच्या प्रॉटेस्टंट मिशनला त्याचा वारसा मिळाला नाही. एकाच भाषेतील ख्रिस्ती वाङ्मयाच्या दोन शाखांची ही ताटातूट मराठी वाङ्मयेतिहासाने नीट नोंदवलेली नाही.

‘बरोबर’ : कीर्तनाचा चौक

नगरच्या परिसरात खरे वळण आले ते कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४-१९०८) यांच्या पदांनी आणि कीर्तनांनी. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर येथे रुजली. त्या प्रथेशी सांगळे यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. कीर्तनकाराचे उभे राहणे, मागे टाळ-मृदंगाची किंवा पेटी-तबल्याची साथ, पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान आणि मधूनमधून पद, साकी, दिंडी, ओवी असा सगळा साज जसाच्या तसा घेण्यात आला. आख्यानाचा विषय तेवढा बायबलमधून आला.

मिशनच्या दृष्टीने कीर्तन हे प्रामुख्याने प्रचाराचे साधन होते. साधन म्हणून ते परिणामकारक ठरले असेल. पण स्तवनाच्या दृष्टीने येथे एक अडचण संभवते. निरूपणाचा हेतू समोरच्याला पटवणे हा असतो, तर स्तवनाला कोणाला काहीच पटवावयाचे नसते. ११७ व्या स्तोत्रात युक्तिवाद नाही, बोलावणे आहे. ज्या कीर्तनात निरूपण आख्यानाला गिळून टाकते ते कीर्तन प्रवचनाच्या जवळ जाते आणि आपला मूळ धर्म हरवून बसते. ख्रिस्ती कीर्तनांपैकी बऱ्याच रचनांना हा आक्षेप लागू पडेल.

तथापि कीर्तनाने एक गोष्ट अशी साधली की जी छापील गीतसंग्रहाला साधणे शक्य नव्हते. चार भिंतींच्या आतील उपासना त्याने चावडीसमोर, पारावर, चौकात आणली. मराठी गावात ‘सार्वजनिक’ हा शब्द भोळेपणाने वापरता येत नाही. गावाचा चौक सर्वांचा नव्हता. नगर जिल्ह्यातील मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांचे वाडे वेशीबाहेर होते आणि गावकीची हलकी कामे त्यांच्या माथी होती. गावाच्या आत ते येत ते हाकारा देण्यासाठी, दवंडी पिटण्यासाठी. म्हणजे दुसऱ्याचा शब्द सांगण्यासाठी. अशा माणसाने गावासमोर उभे राहून, कोणीही हुकूम केलेला नसताना, आपल्या देवाचे नाव घ्यावे, ही घटना संगीतशास्त्राच्या परिभाषेत मावणारी नाही. पंढरपूरला चोखामेळ्याची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे. अभंग आत गायला जातो आणि अभंगकर्ता बाहेर असतो, ही रचना महाराष्ट्राने शतकानुशतके सहज स्वीकारली होती. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवावी लागते.

हिब्रू भाषेतील ‘गोयीम’ या शब्दाचा अर्थ मुळात ‘राष्ट्रे’ एवढाच. पुढे त्याला ‘आपल्यांत न मोडणारे’ असा अर्थ चिकटला. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात नव्या करारात त्यासाठी ‘परराष्ट्रीय’ हा शब्द येतो. शब्द अचूक असला तरी तो वाचकाची दिशाभूल करतो. नगरच्या खेड्यातील वाचकाला त्यातून समुद्रापलीकडचा माणूस दिसतो, वेशीपलीकडचा दिसत नाही. पौलाच्या मनातील माणूस मात्र त्याच शहरात, शेजारच्या आळीत राहणारा होता.

‘स्वतः’ : टिळकांचा अभंग आणि त्याची मर्यादा

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि त्यानंतरचा त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगर-राहुरी परिसरात गेला. ‘उपासना संगीत’ या संग्रहातील अडीचशेच्या आसपास गीते एकट्या टिळकांची आहेत. जगातील कोणत्याही भाषेतील ख्रिस्ती मंडळीच्या रूढ गीतसंग्रहात एका कवीचा एवढा वाटा असणे ही गोष्ट दुर्मिळच म्हणावी लागेल.

टिळकांनी छंदाचा प्रश्न निकालात काढला. थोरल्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणात असते. येथे मात्रा मोजावी लागत नाही आणि शब्दान्तीच्या ‘अ’लाही अक्षराचा मान मिळतो. त्यामुळे ज्याला वाचता येत नाही अशा माणसालाही दुसऱ्यांदा ऐकताना अभंग म्हणता येतो. नगरच्या मंडळ्यांतील निरक्षर बहुसंख्येचा विचार करता ही सोय केवळ सौंदर्याची नव्हती. तसेच अभंग हा काही टिळकांनी ब्राह्मणवाड्यातून महारवाड्यात नेलेला नजराणा नव्हता. चोखामेळा, सोयराबाई, बंका, कर्ममेळा यांच्यामुळे तो तेथे आधीपासूनच होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. त्या पुलाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे होते, हे टिळकांच्या समीक्षकांनी क्वचितच पाहिले आहे. टिळक आणि त्यांच्या मंडळीतील शेतमजूर ज्या एकाच छंदावर समान हक्काने उभे राहू शकत होते तो छंद अभंगच होता. म्हणून टिळकांची निवड केवळ ‘देशी’ म्हणून योग्य नव्हती; ती त्या काळच्या मराठी समाजात उपलब्ध असलेली जवळजवळ एकमेव सामाईक भूमी होती.

मर्यादा आहे ती छंदात नाही, अभंगातील ‘मी’मध्ये आहे. टिळकांच्या उत्तम रचना एकट्या जिवाने ख्रिस्ताशी केलेले हितगुज आहेत. त्यांत आर्तता आहे, शरणागती आहे, लडिवाळपणा आहे. पण ‘सर्व लोकहो, या’ असे बोलावणारा स्तोत्रकर्त्याचा स्वर विरळ आहे. जेथे सामूहिक स्वर येतो तेथे तो बहुधा देशाविषयी बोलतो. ‘प्रियकर हिंदिस्तान’ लिहिणाऱ्या कवीकडून हे अपेक्षितच होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भाषांतरकारांनी ‘राष्ट्रे’ हा शब्द लिहिला तेव्हा त्याचा अर्थ जगातील नाना लोकसमूह असा होता. टिळकांच्या प्रौढपणी लोकमान्यांच्या महाराष्ट्रात ‘राष्ट्र’ हा शब्द एकवचनी झाला होता. ख्रिस्ती माणूस परदेशी सत्तेचा आश्रित समजला जाई. आणि देवाच्या स्तवनासाठी ज्यांना ‘परराष्ट्रीय’ म्हणून बोलावले गेले होते तेच ते स्तवन केल्यामुळे आपल्या गावात खरोखरीच परराष्ट्रीय ठरू लागले. टिळकांचे देशप्रेम या आरोपाला दिलेले उत्तर होते आणि ते मनापासूनचे होते. पण त्या उत्तराच्या ओघात स्तोत्रातील अनेकवचन हरवले.

हे हरवलेले अनेकवचन टिळकांना अखेरीस जाणवले असावे. १९१७ मध्ये मिशनची वेतनाची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तशिष्य म्हणून तेथे एकत्र यावेत, अशी ती योजना होती. दोन वर्षांनी टिळक वारले आणि योजना मूळ धरू शकली नाही. पौलाच्या ‘बरोबर’ या पायरीकडे त्यांनी केलेला हा प्रवास त्यांच्या गीतांपेक्षा धाडसी होता, असे म्हणावे लागते. पुढे १९२२ मध्ये त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी नगर येथे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली आणि देशी उपासनापद्धतीचे प्रयोग केले. पण १९२७ नंतर त्याचे केंद्र पुण्याला गेले.

पंक्तीचा प्रश्न टिळकांच्या पद्यापेक्षा लक्ष्मीबाईंच्या गद्यात अधिक उघडपणे भेटतो. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांतून आपण कसकशा बाहेर आलो, याचा वृत्तान्त कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. कोणाच्या हातचे पाणी प्यावयाचे आणि कोणाच्या हातचे नाही, हा त्यांच्या दृष्टीने सिद्धान्ताचा प्रश्न नव्हता, रोजच्या जगण्याचा होता. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्याच्या आधी ही लढाई त्यांनी स्वतःशी लढून संपवली होती. रोमकरांस पत्राच्या १४ व्या आणि १५ व्या अध्यायांवर मराठीत लिहिलेले सर्वांत चांगले भाष्य कोणते, असे विचारल्यास ‘स्मृतिचित्रे’तील ही पाने दाखवता येतील, मग त्यांत त्या अध्यायांचा उल्लेख असो वा नसो.

हरेगावची वाट

स्तवनाच्या सार्वजनिकतेचा विचार प्रॉटेस्टंट गीतसंग्रहापाशी थांबवला तर चित्र अपुरे राहील. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे १९४९ पासून सप्टेंबर महिन्यात मतमाऊलीची यात्रा भरते. ती सुरू झाली तेव्हा कॅथलिक मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. मातृभाषेतील उपासनेचा मार्ग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधील उपासनाविषयक दस्तऐवजानंतर मोकळा झाला. म्हणजे वेदीपाशी लॅटिन आणि वाटेवर मराठी, अशी स्थिती पहिली काही वर्षे होती. अधिकृत उपासनेला ज्याची परवानगी नव्हती ते यात्रेकरूंनी वाटेवर आधीच करून टाकले.

‘माऊली’ हा शब्द येथे डोळ्यांआड करता येत नाही. ज्या जिल्ह्यातील नेवाशात १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली त्याच जिल्ह्यात येशूच्या आईला हे नाव मिळाले. ते कोणत्याही समितीने ठरवलेल्या भारतीयीकरणाचे फळ वाटत नाही. लोकांच्या तोंडी जो शब्द आईच्या मायेला साजेसा होता तो त्यांनी दिला, एवढेच. या यात्रेत ख्रिस्तीतर भाविकही मोठ्या संख्येने येतात. टिळकांच्या दरबारात जे घडावयाचे राहून गेले त्याचा काही अंश, कोणत्याही जाहीरनाम्याशिवाय, येथे घडताना दिसतो. वाङ्मयीन मूल्याच्या दृष्टीने यात्रेतील गीते टिळकांच्या जवळपासही जाणार नाहीत. मात्र त्यांत ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ अधिक ऐकू येतो, आणि ११७ व्या स्तोत्राची जातकुळी हीच आहे.

उघड स्तवनाची किंमत

‘सार्वजनिक’ या शब्दाला आज आणखी एक अर्थ आहे आणि तो कायद्याचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवण्यात आला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या दलिताला तो मिळत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. वेशीबाहेरून आलेल्या ज्या समाजाने नगरच्या मंडळ्या उभ्या केल्या त्याच्यासाठी देवाचे नाव चारचौघांत घेणे ही कागदोपत्री परिणाम असलेली कृती ठरते. मनातल्या मनात केलेल्या भक्तीला दाखला लागत नाही. चौकातील भक्तीला लागतो. अशा स्थितीत स्तवनगीतांतील अंतर्मुख ‘मी’ अधिक लोकप्रिय राहिला तर त्याचे कारण केवळ काव्याभिरुचीत शोधून चालणार नाही.

याउलट, देशांच्या सीमा ओलांडण्याचे काम नगरच्या गीतांनी फारसा गाजावाजा न करता केले आहे. तुकाराम-नामदेवांचे अभंग इंग्रजीत आणणाऱ्या निकोल मॅक्निकोल यांनी टिळकांची गीतेही इंग्रजीत नेली आणि त्यांतील एक पाश्चात्त्य गीतसंग्रहांत स्थिरावले. सांगळे यांच्या एका पदाचे भाषांतर, ज्यात आल्डेन क्लार्क या मराठी मिशनच्या मिशनऱ्याचा हात होता, अमेरिकेतील मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत आढळते आणि तेथे त्याच्या चालीला ‘तन मन धन’ असेच नाव आहे. ज्या दिशेने एके काळी बॅलेंटाइन यांची गीते आली त्याच्या उलट दिशेने हे पद गेले. आता त्या मराठी चालीत इंग्रजी शब्द अवघडून बसतात, लांब स्वर चुकीच्या अक्षरावर पडतो, आणि तिकडची मंडळी तो थोडा अडखळत गाते. संग्रहात गीताखाली कवीचे नाव आणि जन्म-मृत्यूची दोन साले छापलेली असतात. नगरचा, कीर्तनाचा आणि त्या चौकाचा उल्लेख तेथे नसतो.